आवाज मोटरीचा, दुखणं पात्यात



या पानावर नेहमी कांदा, द्राक्ष, फवारणी, पाणी असंच लिहितो. आज एका जुन्या रंधा मशीनच्या मोटरीवर लिहितोय. विषय सुताराचा वाटेल, पण ज्याच्या घरी कडबाकुट्टी आहे, पिठाची गिरणी आहे, पंप आहे, त्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. मोटर घरघरायला लागली की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर बंद पडेपर्यंत तशीच चालवतो, नाही तर उचलून भरायला टाकतो. या दोन्हीच्या मधी बरंच काही करता येतं, ते सांगतो.

आधी शेतकऱ्याला रंधा मशीन कशाला, ते सांगतो. आमच्याकडं विंचूर-लासलगाव पट्ट्यात उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला निघतो आणि भाव बघून बरेच जण तो दिवाळीच्या आसपासपर्यंत चाळीत ठेवतात. म्हणजे वर्षाची कमाई सहा महिने चाळीत पडून असते. चाळीच्या बाजूला बांबू किंवा लाकडी पट्ट्या असतात, मधल्या फटीतून वारं खेळतं. पट्टी खडबडीत असली, कुसं निघालेली असली, की भरताना कांद्याला ओरखडा बसतो. जखम झालेला कांदा आधी सडतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. माझ्या चाळीच्या जुन्या पट्ट्या वाळवीनं गेल्या होत्या. बांधावरची बाभूळ आणि जुन्या घराचं लाकूड पडून होतं. दोनेकशे पट्ट्या चिरून, रंधून घ्यायच्या होत्या आणि कांदा काढणीला दीड महिना उरला होता.

तेवढ्यात गावातल्या सुतारआबांनी मशीन विकायचं काढलं. आबांचं वय सत्तरीच्या पुढं. आमच्या वडलांची पाभर, वखर, बैलगाडी त्यांच्याच हातची. तेव्हा वर्षाचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळायचं. पुढं ट्रॅक्टर आला, पाभर गेली, मग आबा दारं-खिडक्या करायला लागले. आता दारंही तयार मिळतात. मुलं नाशिकला अंबडच्या कारखान्यात. मशीन ओट्यावर धूळ खात होतं. बारा इंची रंधा, बाजूला गोल करवत, दोन एचपीची सिंगल फेज मोटर. नवीन मशीनच्या निम्म्याहून कमी पैशात सौदा झाला.

चालू करून दाखवलं तेव्हा मोटर सरळ ओरडत होती. घूंऽऽ असा नेहमीचा आवाज नाही, तर खर्रर्र, जसं डब्यात वाळू घालून हलवावी. आबा शांतपणे म्हणाले, "काही नाही रे, जुनं मशीन आहे, थोडं बोलणारच." मी तोंडाजवळ जाऊन विचारलं, "आबा, पूर्वीपासून एवढाच आवाज आहे का?" त्यांनी हात कानाला लावला आणि म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मशीन किती ओरडतंय हे आबांना ऐकूच येत नव्हतं.

हे मधीच थांबून सांगतो, कारण पैशापेक्षा मोठं आहे. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं कानावर पडला तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. रंधा चालू असताना शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज त्या हद्दीच्या वर गेलाय असं समजा. अशा आवाजानं गेलेलं ऐकणं औषधानं परत येत नाही. कापसाचा बोळा पुरत नाही, कानावर बसणारे मफ मिळतात ते घ्या. ट्रॅक्टरवर, मळणीवर, ब्लोअरवर दिवस काढणाऱ्यांनीही.

तर मशीन घरी आणलं. एक जाणकार म्हणाला, मोटर भरून टाका. दुसरा म्हणाला, नवीनच बसवा. आमचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालाय. तो म्हणाला, "अण्णा, आधी बघू तरी, आवाज नक्की कशाचा आहे." मला ते पटलं. जनावर आजारी पडलं तर आपण लगेच दावणीवरून सोडून बाजारात नेत नाही. खातंय का, रवंथ करतंय का, अंग गरम आहे का, हे आधी बघतो. तसंच इथं केलं.

पहिली परीक्षा अगदी फुकटची. मोटर पूर्ण वेगात आली की बटण बंद करायचं आणि कान द्यायचा. लाइट जाताक्षणी आवाज मेला, तर तो विजेचा आवाज, वाइंडिंगचा नाही तर आतल्या पत्र्यांचा. आपल्याकडची वीज ५० सायकलची, त्यामुळं मोटर सेकंदाला १०० वेळा थरथरते, तो बारीक गुणगुणाट प्रत्येक चांगल्या मोटरीलाही असतो. पण बटण बंद झाल्यावरही आवाज चालू राहिला आणि फिरणं मंदावेल तसा हळूहळू उतरला, तर दुखणं लोखंडाचं. आमचा आवाज बटण बंद केल्यावरही शेवटच्या फेऱ्यापर्यंत येत होता. म्हणजे मोटर भरायचा खर्च तिथंच टळला.

ही परीक्षा दिवसा करा. संध्याकाळी सगळ्या घरात लाइट-पंखे लागले की गावठाण फिडरवर व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजवर चांगली मोटरही कण्हते, वेग पकडत नाही आणि तापते. मुलानं मीटर लावला, दुपारी २२५ दाखवलं, तेव्हाच आम्ही तपासलं.

दुसरी परीक्षा, पट्टा काढायचा. प्लग उपटून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पट्टा काढून मोटर एकटी चालवली. आवाज थोडा कमी झाला, पण खरखर तशीच. मग पात्यांचा ब्लॉक हातानं फिरवला, तो लोण्यासारखा फिरला. म्हणजे खरखर मोटरीतच. आवाज ब्लॉकमधून आला असता तर मोटर खोलून उपयोग नव्हता. बरेच जण पट्टा न काढताच मोटर खोलतात.

तिसरी, बाहेरच्या गोष्टी. मोटरीच्या मागचं पंख्याचं कव्हर चेपलेलं असेल तर पंखा घासतो, त्याचा टकटक आवाज येतो. आमचं कव्हर ठीक होतं, पण आत भुसा एवढा दाटला होता की वारं जायला जागा नव्हती. तो काढला. मग चारही नट तपासले. तीन घट्ट आणि चौथ्या पायाखाली कागद जाईल एवढी फट. असा पाय नट आवळून जबरदस्तीनं बसवला तर मोटरीचं अंगच पिळलं जातं. पत्र्याचा तुकडा कापून फटीत सरकवला, मग नट आवळला. थरथर कमी झाली. खरखर राहिली.

चौथी परीक्षा जुने फिटर करतात ती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या जागेवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. हे पट्टा काढूनच करायचं, गळ्यातलं उपरणं काढून, बाह्या वर सारून. पंख्याच्या बाजूला सळसळ होती. पुलीच्या बाजूला जणू हरभरे भरडले जात होते. लाइट बंद करून शाफ्ट हातानं वर-खाली हलवून पाहिला, पुलीच्या बाजूला खेळ जाणवला. आता शंका उरली नाही.

हे इतक्यावर सोडलं असतं तर पुढं काय झालं असतं तेही सांगतो. रोटर आणि स्टेटर यांच्यामध्ये जागा अगदी थोडी असते, मिलिमीटरच्या आतली. बेरिंग झिजून शाफ्ट खाली बसला की रोटर स्टेटरला घासतो, तापतो आणि वाइंडिंग जळतं. मग मोटर खरंच भरावी लागते. किंवा बेरिंग चालता चालता जाम होतं. आपला हात पात्यापासून चार बोटांवर असताना मशीनला हिसका बसणं चांगलं नाही.

आता खोलायचं. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून ती आधी उतरवली. वायरींचा मोबाइलवर फोटो काढला. दोन्ही बाजूंच्या कव्हरवर आणि बॉडीवर पंचनं खूण केली, पुढच्या बाजूला एक टिंब, मागच्या बाजूला दोन, म्हणजे बसवताना जसंच्या तसं बसतं. पुली आणि बेरिंग पुलरनं ओढून काढलं. हातोडीनं ठोकून काढायचं नाही, शाफ्टचं टोक फुलतं.

आत स्टार्टिंगची एक स्विच असते. मोटर वेग पकडते तेव्हा 'टक' आणि थांबताना पुन्हा 'टक' असा आवाज त्याचा. तो आवाज चांगला आहे, त्याला घाबरू नका. उलट तो येणं बंद झालं तर काळजी करा, कारण मग सुरुवातीचं वाइंडिंग लाइनीतच राहतं आणि जळतं. आमच्या स्विचच्या पॉइंटवर भुसा होता, तो ब्रशनं झाडला.

बेरिंग हातात घेतलं तर आतलं ग्रीस नव्हतंच. भुसा आणि ग्रीस मिळून सरकीच्या पेंडेसारखा घट्ट काला झाला होता. बोटानं फिरवलं की दाणेदार लागायचं.

बेरिंगचा नंबर वाचायला शिका, दुकानात फसवणूक होत नाही. आमचं ६२०५. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला पाचनं गुणा, पंचवीस. म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर. ६२०४ चं २०, ६२०६ चं ३०. हा हिशोब ०४ पासून पुढं लागू होतो. ६२०५ ची बाहेरची गोलाई ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर, कुठल्याही कंपनीचं घ्या. नंबरापुढं झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची. पत्र्याच्या झाकणाला बारीक फट असते, त्यातून भुशाची पूड आत जाते. जिथं धूळ-भुसा आहे, तिथं मी रबराचं घेतो. ग्रीस आधीच भरलेलं असतं, वरून कोंबायची गरज नाही. दोन्ही बाजूंचं बदललं, एक गेलं की दुसरं फार मागं नसतं. दोन्हीचे मिळून साडेचारशे रुपये लागले.

बसवताना एकच गोष्ट लक्षात ठेवा. बेरिंग शाफ्टवर चढवायचं तर मार आतल्या कड्यावरच बसला पाहिजे. त्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन हलक्या हातानं, सरळ रेषेत. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली तर मार गोळ्यांवर जातो आणि नवीन बेरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं. रबरी झाकणाचं बेरिंग तेलात उकळायचं नाही, जाळावरही धरायचं नाही. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे आणि दर वेळी शाफ्ट हातानं फिरवून बघायचा. अडखळला तर कव्हर तिरकं बसतंय.

मोटर एकटी अर्धा तास चालवली. घूंऽऽ. बस, एवढाच आवाज. हात ठेवला तर कोमट. माझ्या मुलाला वाटलं काम झालं. मला वाटत होतं, अजून निम्मंच झालंय. पंख्याच्या बाजूचं बेरिंग बऱ्यापैकी होतं, मग पुलीच्याच बाजूचं का गेलं? भुसा तर दोन्हीकडं होता.

म्हणून मशीनकडं परत गेलो. जुना पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणलेला होता, हे काढतानाच जाणवलं होतं. एवढा ताण असला की पुलीच्या बाजूचं बेरिंग रात्रंदिवस एका अंगाला ओढलं जातं. मग पट्टा एवढा का ताणला? तो घसरत होता म्हणून. पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती, ती घसरण्याचीच खूण. तो का घसरत होता? ब्लॉकला लाकूड कापायला जड जात होतं म्हणून. आणि जड का? पाती बघितली. तीन पात्यांपैकी एकाची धार दोन ठिकाणी तुटलेली, बाकीची दोन बोथट. जुन्या वाड्यांचं सागवान रंधायचं तर लाकडात मोडलेले खिळे असतात, ते पात्यानं खाल्लेले. म्हणजे पातं बोथट झालं, म्हणून जोर लागला, म्हणून पट्टा घसरला, म्हणून तो ताणला, म्हणून बेरिंग गेलं, म्हणून मोटर ओरडली. ओरडली मोटर, पण दुखणं पात्यात होतं. नुसतं बेरिंग बदलून थांबलो असतो तर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल. चुनखडीच्या जमिनीत कोवळं पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात. त्यावर युरिया टाकून पान हिरवं होत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं मुळाला उचलता येत नाही. पिवळं पान दिसतं वर, कारण असतं खाली. यंत्राचंही तसंच, जिथं आवाज येतो तिथून मागं मागं जावं लागतं.

पाती धार लावून आणली आणि सोनाराच्या काट्यावर तोलली. तुटलेलं पातं जास्त घासावं लागलं होतं, ते दुसऱ्यांपेक्षा १० ग्रॅम हलकं भरलं. दहा ग्रॅमनं काय होतंय, असं वाटेल. मुलानं हिशोब मांडला. मोटर मिनिटाला २८८० फेरे. मोटरीची पुली पाच इंची, ब्लॉकची तीन इंची, म्हणजे ब्लॉक ४८००, सेकंदाला ८० फेरे. त्या वेगात, मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर, दहा ग्रॅमचा फरक ब्लॉकला साधारण ११ किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, तोही सेकंदाला ८० वेळा दिशा बदलून. हा हादरा ब्लॉकची बेरिंगं खातो आणि पट्ट्यावाटे मोटरीपर्यंतही पोचतो. म्हणून बाकीची दोन पातीही तेवढीच घासून तिन्ही सारख्या वजनाची केली. पात्याचे बोल्ट दोनदा तपासले. एवढ्या वेगात सुटलेलं पातं माणसाच्या अंगात शिरतं.

नवीन पट्टा घातला. मधोमध अंगठ्यानं दाबला तर पाऊण सेंटिमीटर दबेल एवढाच ताण ठेवला, दोन पुल्यांत अंतर दीड फूट आहे म्हणून. अंतर मीटरभर असेल तर दीड सेंटिमीटर दबला तरी चालतो. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून धरली, दोरी चारही ठिकाणी टेकली म्हणजे पुल्या एका रेषेत.

मग आबांना बोलावलं. मशीन चालू केलं. त्यांना ऐकू येणार नाही हे मला माहीत होतं, आबांनाही. ते जवळ आले आणि मोटरीच्या पाठीवर हात ठेवला, जसा बैलाच्या वशिंडावर ठेवतात. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "आता हाताला मुंग्या येत नाहीत." मी विचारलं, "पूर्वी यायच्या?" ते म्हणाले, "पाच-सहा वर्षं यायच्या. मला वाटायचं, वयाच्या आहेत." नंतर त्यांनी स्वतः एक बाभळीची पट्टी रंधून दाखवली. लाकूड कोणत्या अंगानं घालायचं, म्हणजे रेषा उपटत नाहीत, ते मला शिकवलं. तेवढी शिकवणी सौद्यात धरलेली नव्हती.

काही गोष्टी कायमच्या ठरवल्यात. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवायचं, खिळा सापडला तर काढायचा, मगच रंध्यावर. लहान तुकडा हातानं ढकलायचा नाही, ढकलायला लाकडी दांडा ठेवलाय. दर आठवड्याला पंख्याच्या जाळीतला भुसा काढायचा. मशीनला अर्थिंग वेगळं केलंय. आणि मशीनजवळ खिळ्याला कानाचे दोन मफ टांगलेत, एक माझ्यासाठी, एक मुलासाठी. लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

चाळीच्या एका बाजूच्या ११० पट्ट्या झाल्या, हात फिरवला तर कुसळ लागत नाही. दुसऱ्या बाजूच्या या आठवड्यात होतील, मग कडुनिंबाचं तेल लावून बसवायच्या. तुमच्या कडबाकुट्टीची, गिरणीची मोटर ओरडत असेल तर आधी बटण बंद करून शेवटच्या फेऱ्यापर्यंत ऐका, मग पट्टा काढून ऐका. काय ऐकू आलं ते खाली लिहा, मुलगा आणि मी मिळून बघतो.